सोमवारीच लिहिलेलं शनिवारचं ओके

मी एक डिक्शनरी बोलतेय. इंग्रजी-मराठी, खिशात मावेल एवढी, लाल रेक्झिनच्या पुठ्ठ्याची. लाल रंगाचा आता विटकरी झालाय आणि पाठ मोडलीय. पण बोलायला पाठ लागत नाही, जीभ लागते. ती माझी शाबूत आहे.

आधीच सांगून टाकते, मी भिऊन बोलतेय. पुस्तकाला कसली आलीय भीती, असं कुणी म्हणेल. वाळवीची? रद्दीवाल्याची? त्यांना मी कधीच भ्याले नाही. मला भीती वाटते ती बोटांची. पुस्तक माणसाला तोंडावरून ओळखत नसतं, पान उलटणाऱ्या बोटांवरून ओळखतं. आणि ज्या बोटांनी मला आज उलटलं ती उद्या असतील की नाही, या काळजीनं गेले काही महिने माझी पानं आतून गार पडलेली असतात.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. तिथून दौंड स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर आले. दोन वर्षं नुसती टांगून होते. लोक यायचे, मासिकं चाळायचे, मला कुणी हात लावत नसे. मग एक दिवस तेलकट अंगठ्याचा एक तरुण आला आणि त्यानं मला मधोमध उघडलं. त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा माझ्या एका पानावर उमटला, तो आजही आहे. त्या काळात गाड्यावरच्या मालाला डाग पाडणं म्हणजे तो विकत घेणंच. त्यानं घेतलं.

त्यांचं नाव शेखलाल. रेल्वेत सांधेवाले. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळवायची तर तिथला रुळाचा सांधा नीट बसलाय का, हे बघणं त्यांचं काम. शिक्षण चौथी. पण साहेब लोक इंग्रजीत काय बोलतात ते आपल्याला कळलंच पाहिजे, असा हट्ट. भाकरीच्या फडक्याशेजारी मला ठेवायचे आणि दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रोज पाच शब्द शिकायचे. शब्द पाठ झाला म्हणून खूण करायचे नाहीत. तो योग्य जागी वापरून झाला की मगच त्याच्यापुढं पेन्सिलीची बारीक रेघ. असा विद्यार्थी मी पुन्हा पाहिला नाही.

कामातही तेच. स्टेशनमास्तरांनी फोनवर हुकूम दिला की शेखलाल तो अख्खा परत म्हणून दाखवायचे. मग चालत जायचे. सांध्याला डोळा लावायचे, वर तळहात ठेवायचे, परत यायचे आणि मग सांगायचे, ‘बसलाय.’ एकदा त्यांचा जोडीदार मारुतराव केबिनच्या दारातूनच ओरडला, ‘बसलाय!’

‘न बघता?’ शेखलालनी विचारलं.

‘अरे, रोजच बसतोय की.’

‘रोज बसतोय म्हणून आज बसला का? मारुत्या, आधी डोळा, मग तोंड.’

पुढं याच मारुतरावांची दोन बोटं डबे जोडताना गेली. घरी चहाला यायचे तेव्हा तीन बोटांवर बशी तोलायचे. हसायचे. पण ते गेल्यावर शेखलाल स्वतःची बोटं एकेक करून मोजायचे. मी फळीवरून बघायची. ती खोड त्यांना कायमची लागली.

अशा माणसाच्या हाताखाली वाढले, म्हणून माझा स्वभाव कडक झाला. सगळ्याच इंग्रजी शब्दांवर माझा दात आहे असं समजू नका. स्टेशन, टेबल, बस, पेन ही तर घरचीच लेकरं. लाईट गेली म्हणा, खुशाल म्हणा. लाईट म्हणजे उजेड, वीज नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण अंधारात साऱ्या आळीला एकच अर्थ कळतो, तर मी कशाला नाक मुरडू?

माझा राग आहे तो मिरवायला आणि लपवायला आणलेल्या शब्दांवर. ‘तुम्ही प्रॉपर दौंडचे का?’ म्हणजे बाकीचे काय वाकडे दौंडचे? ‘फॅमिली आजारी हाय’ म्हणून एकानं रजा मागितली, तर मास्तर बिचारे घाबरले, घरातली सहाच्या सहा माणसं अंथरुणाला खिळली की काय. आजारी होती एकटी बायको. चांगला गोड शब्द आहे बायको, तो म्हणायला जीभ झिजते का? आणि ते ‘टेन्शन घेऊ नको’. कुणी काही खरं सांगायला तोंड उघडलं की हा बोळा त्याच्या तोंडात. शेखलाल म्हणायचे, ‘सिग्नलच्या तारेला टेन्शन नसंल तर सिग्नल पडत न्हाई. थोडं घ्या की, बाबांनो!’

सगळ्यात माझं रक्त आटवतं ते ‘ॲक्च्युअली’. माझ्या पानावर त्याचा अर्थ छापलाय, ‘खरोखर’. पण पन्नास वर्षांत मी बघत आलेय, हा शब्द तोंडातून बाहेर पडला की त्याच्यामागून खोटं येतं. पुढं इंजिन, मागं गाडी. शेखलालना तर ते ऐकूनच कळायचं. समोरच्यानं ‘ॲक्च्युअली’ म्हटलं की ते मान फिरवून दुसरीकडं बघायचे.

एकदा मात्र ते रागावले नाहीत, रडले. त्यांच्या बायको, खुर्शिदबी, वारल्या. चाळीस वर्षांचा संसार. तिसऱ्या दिवशी कॉलनीतला एकजण भेटायला आला आणि उंबऱ्यातच म्हणाला, ‘चाची एक्सपायर झाल्या म्हणं?’

शेखलालनी डोळे पुसले. मग म्हणाले, ‘औषधाची बाटली व्हती का रे ती?’

त्या रात्रीपासून तो शब्द असलेलं माझं पान त्यांनी कधी उघडलं नाही.

पुढं नजर गेली. काचबिंदू म्हणाले डॉक्टर. अक्षरं आधी पुसट झाली, मग नाहीशी. तरी ते मला हातात घेऊन बसायचे, अंगठा फिरवायचे आणि कुठलं अक्षर कुठं ते बरोबर सांगायचे. यंदाच्या उन्हाळ्यात त्यांची नात शिरीन बारावी करून कामाला निघाली. दौंड सोडून शिरूर तालुक्यात, एमआयडीसीतल्या एका कंपनीत, पत्र्याचे भाग दाबून काढायच्या खात्यात. निघायच्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं.

‘दादा, मोबाइलमध्ये असतं आता सगळं,’ शिरीन म्हणाली. आजोबांना ती दादा म्हणते.

‘आत मोबाइल न्हेऊ देत्यात का?’

‘न्हाई. गेटवर जमा करायचा.’

‘मग?’

मग काय, मी निघाले. जाताना त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि करंगळीपासून करंगळीपर्यंत बोटं मोजली. ‘धा,’ म्हणाले. ‘येशील तवा मोजून घेईन.’

ती हसली. मला हसू आलं नाही.

शिरीननं मला एप्रनच्या पुढच्या खिशात ठेवलं. पहिल्याच दिवशी एका बाईनं त्या फुगवट्याकडं बोट केलं.

‘काय गं ए, पोटात काय लपवलंस? दिवस-बिवस गेल्यात का काय?’

‘पुस्तक हाय ताई. डिक्शनरी.’

‘हितं पत्रा दाबायचाय, परीक्षेला न्हाई बसायचं!’

या सविताबाई. इनामगावच्या. घरी घोड नदीच्या काठाला शेती, आणि इथं तीन नंबरच्या प्रेसवर आठ वर्षं. त्यांच्याइतका हात कुणाचाच चालत नाही, हे त्या स्वतः सांगायच्या आणि ते खरं होतं. डब्यातली अर्धी भाजी पहिल्याच दिवशी शिरीनच्या डब्यात ओतली. नाव ठेवलं डिक्शनरी. म्हणजे मी पण डिक्शनरी आणि ती पण.

प्रेस कसा असतो ते सांगते, कारण माझी भीती तिथंच राहते. खाली एक लोखंडी साचा, वर दुसरा. मध्ये पत्रा ठेवायचा. वरचा साचा खाली येतो, धप्प. पत्र्याचा भाग तयार. त्याच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर दोन हिरवी बटणं. दोन्ही एकदम दाबली तरच साचा खाली यायचा. उगाच नाही हो ती दोन. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे साच्याखाली एकही नसतो. ज्यानं ही युक्ती काढली त्याला बोटांची किंमत कळत होती.

आणि आमच्या लोकांनी काय केलं? डाव्या बटणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधली. ते कायमचं दाबलेलं. आता उजव्या हातानं एक बटण मारलं की साचा येतो, आणि डावा हात पुढचा पत्रा सारायला मोकळा. तासाला वीस-पंचवीस नग जास्त. ट्यूब सविताबाईंच्या नवऱ्याच्या सायकलची.

याला तिथं ‘ॲडजस्ट केलंय’ म्हणतात. मी खिशात असून हादरले. बांधलंय म्हटलं असतं तर कुणी तरी विचारलं असतं, का बांधलंय? ॲडजस्ट केलंय म्हटलं की वाटतं, कुणा शिकलेल्या इंजिनिअरनं विचार करून केलं असेल. इंग्रजी शब्दाची अशी गोधडी घातली की खाली काय झोपलंय ते कुणी बघत नाही.

प्रेसवर एक लाल फलक होता. कवटी, दोन हाडं आणि खाली लिहिलेलं, डेंजर. जेवणाच्या सुट्टीत त्याच फलकाखाली बसून पोरी म्हणायच्या, ‘सविताताई, ठेचा डेंजर झालाय आज.’ ‘तुझी ओढणी डेंजर दिसती गं.’ ठेचा डेंजर, ओढणी डेंजर, परवाचा सिनेमा तर लईच डेंजर. मग त्या कवटीनं आता वेगळं काय ओरडायचं? भीतीचा शब्द चटणीला वापरून संपवला. माणसं खरंच भ्यायची वेळ येईल तेव्हा त्यांच्या तोंडात काय उरलंय?

पण खरा घात ‘ओके’नं केला. प्रेसला एक तक्ता लटकवलेला असायचा. सोमवार ते शनिवार सहा रकाने. दोन्ही बटणं चालतात का, जाळी जागेवर आहे का, हे प्रेस चालवणारीनं रोज सकाळी तपासून लिहायचं आणि सही करायची. शिरीननं पहिल्या आठवड्यात दादांना हे सांगितलं तेव्हा ते केवढे खूश झाले होते. ‘रेल्वेवानीच हाय की!’ म्हणाले. त्यांना काय माहीत, इथं तो तक्ता कसा भरतात. सोमवारी सकाळी सविताबाई पेन घ्यायच्या आणि एका दमात सहाही रकाने भरून काढायच्या. ओके, ओके, ओके. शनिवारी प्रेस नीट असणार हे त्यांना सोमवारीच ठाऊक. पंचांगवाल्यालासुद्धा एवढं पुढचं दिसत नाही. आणि त्या एकट्या नव्हेत, सगळ्या खात्याची हीच रीत. सुपरवायझर विश्वजीत सर खाली सही करायचे, तीही एकदमच.

तुळशीचं लग्न होऊन गेल्यावरचा एक मंगळवार. शिरीन शेजारी ट्रे उचलत होती. धप्प, धप्प, धप्प चाललेलं. एक धप्प मऊ आली. मला खिशात कळलं. सविताबाईंनी डावा हात ओढून घेतला. हातमोज्याच्या मधल्या बोटाचं टोक साच्यात राहिलं होतं, पापडासारखं चपटं होऊन. आत बोट नव्हतं. मोजा ढगळ होता, एवढंच पुण्य.

‘ताई!’

‘काय न्हाई झालं. वरडू नको.’ त्यांनी ते टोक उचलून कचऱ्यात टाकलं. ‘मोजाच गेला. नवा मागून घेते.’

थोडक्यात निभावलं तर ते लिहायला कंपनीत वेगळी वही असते. शिरीननं विश्वजीत सरांना विचारलं. विश्वजीत सर भांडगावचे, तिशीचे, वाईट माणूस नाही. त्यांच्या डोक्यावर वरच्यांचं टार्गेट. पण त्यांनी सुरुवात केली आणि माझी पानं मिटली.

‘ॲक्च्युअली काय आहे ना शिरीन, बेसिकली काही झालेलंच नाही. झालं असतं तर आपण लिहिलंच असतं.’

झालं असतं तर! म्हणजे एक बोट हवं होतं यांना, वहीत नोंद करायला.

गुरुवारपासून सविताबाई भाचीच्या लग्नाला गेल्या. तीन दिवस. तीन नंबरवर शिरीनला उभं केलं.

ते तीन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. मला वाटलं होतं, ही पट्टी सोडेल. शेखलालची नात आहे. ती पट्टीकडं बघत राहिली. मग मागं बघितलं, सगळ्या प्रेसचे हात भराभर चाललेले. हिनं पट्टी सोडली तर हिचा ट्रे मागं पडणार आणि नव्या पोरीला जमत नाही म्हणणार. तक्त्यात गुरुवार, शुक्रवार, शनिवारचं ओके आधीच लिहिलेलं होतं. शिरीननं फक्त सही करायची होती. तिनं केली.

मी तिच्यावर इतकी कधी चिडले नव्हते. आणि चिडायला तरी फुरसत कुठं होती? उजवा हात बटणावर, धप्प. डावा हात आत. बाहेर. धप्प. प्रत्येक वेळी तो डावा हात आत गेला की मला त्याची पाचही बोटं आठवायची. अंगठा, जो माझा पुठ्ठा दाबून धरतो. तर्जनी, जी शब्दाखाली फिरते. करंगळी, जी मागच्या पानात अडकवून ठेवायची तिची सवय. आत. बाहेर. धप्प. दिवसातून हजार वेळा मी त्या बोटांना निरोप दिला आणि हजार वेळा ती परत आली. तिचं पोट माझ्या पाठीला लागलेलं असायचं, आणि प्रत्येक धप्पला ते आत ओढलं जायचं. म्हणजे तीही भीत होती. पण तोंडानं गाणं गुणगुणत होती.

शनिवारी संध्याकाळी आम्ही एसटीनं दौंडला आलो. रविवारी सकाळी दादांनी हात पुढं केले. शिरीननं आपले दिले. ते मोजायला लागले, हळूहळू, प्रत्येक बोटाच्या शेवटच्या पेरापर्यंत.

‘धा,’ म्हणाले. मग हात तसेच धरून विचारलं, ‘बटणं बघून सही करतीस ना, बेटा?’

‘ॲक्च्युअली दादा…’

त्यांनी तिचे हात सोडले.

मान खिडकीकडं फिरवली, जिकडं त्यांना काही दिसत नाही. मग म्हणाले, ‘चहा गार झाला असंल तुझा.’ शिरीन उठून आत गेली आणि मोरीत तोंड धूत राहिली, बराच वेळ.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी खात्यात शिरली. तीन नंबरसमोर उभी राहिली. ट्यूबची गाठ कित्येक वर्षांच्या तेलानं घट्ट बसलेली. नखानं उकरली, दातानं ओढली. सुटली. डावं बटण खट् करून वर आलं. तिनं पट्टी खिशात टाकली, माझ्या अंगावर. त्या रबराचा वास मला तेव्हा पहिल्यांदा आला. मग प्रेस चालू करून नुसतं उजवं बटण दाबलं. काही झालं नाही. नुसतं डावं दाबलं. काही झालं नाही. दोन्ही दाबली. धप्प.

तक्ता कोरा होता. तिनं सोमवारच्या रकान्यात, मावेना म्हणून बारीक अक्षरात, मराठीत लिहिलं: ‘डावं बटण ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं होतं. मी सोडलं. आता दोन्ही दाबल्याशिवाय साचा येत नाही. बघितलं. शिरीन.’ पुढचे पाच रकाने तिनं रिकामे सोडले.

विश्वजीत सर आले, वाचलं आणि चेहरा पडला. लिहिलेल्यापेक्षा त्यांना त्या पाच रिकाम्या घरांची जास्त धास्ती वाटली.

‘हे काय लिहिलंय? इथं फक्त ओके लिहायचं असतं. आणि बाकीचे रकाने?’

‘ते दिवस अजून उगवलं न्हाईत, सर.’

‘शुक्रवारी ऑडिट आहे गं. जरा ॲडजस्ट कर ना.’

शिरीननं पेन पुढं केलं. ‘तुम्ही लिव्हा सर ओके. फक्त खाली सही बी तुमचीच करा, माझी न्हाई.’

त्यांचा हात अर्ध्यापर्यंत वर आला. तिथंच थांबला. पेनाकडं बघितलं, प्रेसकडं बघितलं. ‘नंतर बोलू,’ म्हणाले आणि गेले.

खरा तोफखाना सविताबाईंचा. लग्नातून आलेल्या, हातावर मेंदी, मनगटभर हिरवा चुडा.

‘पट्टी कुठाय?’

‘माझ्याजवळ हाय ताई.’

‘दे.’

‘न्हाई.’

‘ए भवाने, माझं नग कमी पडलं तर तुझा दादा येणार का दौंडावरनं दाबायला? आट वर्सं झाली. माझा हात हाय, मला कळत न्हाई व्हय?’

‘तुम्हाला कळतंय ताई. मशीनला न्हाई कळत.’

‘लई शिकली! पुस्तक पोटाला लावून हिंडती, कांगारू कुठली!’

सगळ्या हसल्या. शिरीनचे कान लाल झाले. पण पट्टी दिली नाही. सविताबाई दोन्ही हातांनी दोन्ही बटणं मारत, प्रत्येक दणक्याला एकेक शिवी देत कामाला लागल्या. दुपारपर्यंत त्यांचा ट्रे मागं पडला. आठ वर्षांत पहिल्यांदा. शेजारची पोरगी त्यांच्यापुढं गेली, आणि सविताबाईंनी शिव्या बंद केल्या. ते मला जास्त वाईट वाटलं.

जेवणानंतरची गोष्ट. पत्रा साच्यात तिरका बसला. सविताबाईंनी तो सरळ करायला डावा हात आत घातला, मनगटापर्यंत. आणि उजव्या हातानं, आठ वर्षांच्या सवयीनं, न बघताच बटण मारलं.

खट्.

मी बटणाचा आवाज ऐकला आणि धप्पची वाट बघितली.

धप्प आली नाही.

वरचा साचा वरच राहिला. खाली मेंदीचा हात. बाकीचे सगळे प्रेस आपापले चाललेले, पण मला तीन नंबरच्या गप्पपणाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. सविताबाईंनी हात लगेच काढलासुद्धा नाही, जणू त्यांना तो सापडत नव्हता. मग काढला, हळू. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

‘किती वाजलं गं?’ त्यांनी विचारलं.

‘सव्वादोन, ताई.’

त्या रिकाम्या क्रेटवर बसल्या. शिरीननं पाणी दिलं. पितापिता चुडा बाटलीवर किणकिणायला लागला आणि थांबेना. थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केला.

‘दे ती पट्टी.’

मला वाटलं, संपलं. सवय ती सवय. शिरीननं खिशात हात घातला. पट्टीबरोबर मीही बाहेर आले आणि इतकी वर्षं कशीबशी धरून ठेवलेली माझी पाठ तिथंच उसवली. पानांचा एक गठ्ठा लोंबायला लागला. सविताबाईंनी पट्टी घेतली. मलाही घेतलं. लोंबणारी पानं थोपटून आत बसवली, ट्यूबचे दोन वेढे माझ्या अंगाभोवती आवळले आणि वर गाठ मारली. तीच गाठ, जी त्या बटणाला मारायच्या.

‘पुस्तक सुटाय लागलंय तुझं. नीट ठिवत जा.’ मग जरा थांबून, हळू आवाजात, ‘त्यात बघ बरं, मला आत्ता काय झालं त्याला इंग्रजीत काय म्हणत्यात.’

‘भ्यालात तुम्ही, ताई.’

‘व्हय,’ सविताबाई म्हणाल्या. ‘भ्याले.’

त्या आठवड्याचा तक्ता मी बघितला. मंगळवारपासून पुढं सविताबाईंचं अक्षर होतं, रोजच्या रोज, ‘बगितलं’ असं. मी डिक्शनरी असून सांगते, त्या शब्दाला मी चूक म्हणणार नाही. गुरुवारी संध्याकाळी विश्वजीत सरांनी तो तक्ता काढून घेतला आणि ऑडिटसाठी दुसरा लावला, सहा ओके असलेला. सही कुणाची होती, कळलं नाही. पण तीन नंबरचं डावं बटण मोकळं राहिलं.

रविवारी दादांनी आधी मलाच हातात घेतलं. अंगठा ट्यूबवर थांबला.

‘हे काय बांधलंय?’

शिरीननं सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं, ती तीन दिवसांची. सुरुवातीला ‘ॲक्च्युअली’ न लावता, सरळ. ते ऐकत राहिले. मग तिची बोटं मोजली. दहा झाल्यावर पुन्हा पहिल्या करंगळीपासून सुरू केली.

तर अशी मी आहे. पाठ नाही, पुठ्ठा नाही म्हटलं तरी चालेल, आणि अंगावर सायकलच्या ट्यूबचे दोन वेढे. उन्हात त्याचा वास येतो, पानांना काळे वळ पडलेत. शिरीन परवा म्हणत होती, पुण्याला नेऊन नवी बांधणी करून आणते.

नको गं बाई. हात जोडते. तुम्हीही कुणी तिला सांगा. चार आणि पाच नंबरच्या प्रेसवर अजून पट्ट्या आहेत, त्यांना अजून ॲडजस्टच म्हणतात, आणि नव्या सोमवारी कुणीतरी पुन्हा एका दमात सहा ओके लिहून काढेल. चांगली, ताणली जाणारी, मापाची पट्टी मोकळी दिसली तर ती कुठं जाईल हे मला चांगलं ठाऊक आहे. शब्द शोधायला अडचण झाली तर होऊ दे. दोन पानं कमी उघडली तर चालतील.

मला सोडू नका. मी बांधलेली आहे तोवर ते बटण मोकळं आहे.